खिडकीचा दात

मला हसवू नका. आधीच सांगून ठेवते, नंतर माझ्या नावाने ओरडायचं काम नाही. मी हसले की पडते. लोक हसून हसून लोळतात म्हणतात तसलं नाही हो, खरोखरची पडते. आधी हनुवटी लोंबते, मग मान, मग गुडघे, आणि दोरीवरून चादर घसरावी तशी मी जमिनीवर. शुद्ध जात नाही. सगळं ऐकू येतं, सगळं कळतं, फक्त हात हलत नाही की जीभ वळत नाही. थोड्या वेळाने उठते. कधी कधी उठायच्या आधीच झोप लागते, मग तर विचारूच नका. हसूच लागतं असंही नाही. एकदम आनंद झाला तरी तेच, एकदम राग आला तरी तेच. फक्त रडताना पडत नाही. देवाने तेवढी सोय ठेवली आहे.

आजाराला नाव आहे, नार्कोलेप्सी. हे नाव हातात पडेपर्यंत माझी उमेदीची वर्षं गेली. त्याआधी मी वेडी होते. झोप लागता लागता मला दारात बाई उभी दिसायची, छातीवर कुणीतरी बसलेलं असायचं, आणि मी येडपट, ते डॉक्टरला खरं खरं सांगून बसले. मिळाल्या वेडाच्या गोळ्या. गोळ्यांनी मी फुगले, तोंडातून लाळ गळायला लागली, आणि ती बाई आपली दारात उभीच. पुढे एक तरुण डॉक्टरीणबाई भेटली. तिने डोक्याला वायरी लावून मला रात्रभर झोपवलं, दिवसा पुन्हा पुन्हा झोपवलं, आणि म्हणाली, “तुम्ही वेड्या नाही. तुमच्या झोपेच्या दाराला कडी नाही, एवढंच. स्वप्न बाहेर येतं, आणि जागेपणी अंग आत जातं.”

मी ढसाढसा रडले. ती पुढे म्हणाली, या आजाराच्या माणसांना उदासी फार गाठते. स्वप्नात बघितलेलं खरंच घडलं असंही वाटतं, आणि ते दिवसच्या दिवस डोक्यातून जात नाही. घरात एक भरवशाचं माणूस हवं, घडलेलं ते घडलं आणि न घडलेलं ते नाही असं सांगणारं.

“मी आहे ना,” ताई म्हणाली. माझी थोरली बहीण. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला होता, आणि तो हात उबदार होता. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल ती पहिल्यापासून चेटकीण होती. नव्हती. माझ्या गोळ्या, माझी अंघोळ, माझी भाजलेली मनगटं, सगळं तिनेच बघितलं.

आई-बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच, दोन खोल्यांत. नोकरीही एकाच छपराखाली, दातांच्या लॅबमध्ये. दवाखान्यांतून जबड्यांची मापं येतात, आम्ही त्यात प्लास्टर ओतून साचा काढतो, मेणात दात लावतो, कवळी बनवून परत पाठवतो. मी मागच्या खोलीत दात लावायला, ताई पुढे काउंटरवर. हात चांगला आहे माझा, मालकही कबूल करतात. फक्त अधूनमधून मी डोळे उघडे ठेवून झोपते आणि हात आपलं काम करतच राहतात. एकदा अशाच झोपेत मी एका आजोबांच्या कवळीला पुढे चारही सुळे लावले. आजोबा ती घालून नातवाकडे बघून हसले, आणि नातू पलंगाखाली जाऊन बसला तो बाहेरच येईना. मालकांनी मला फाडून खाल्लं. तेव्हापासून माझं प्रत्येक काम कुणीतरी तपासतं.

लॅबमध्ये मला डुलकी म्हणतात. पॉलिशवाला आहे एक आमच्याकडे, त्याचा आवडता खेळ म्हणजे मला पाडणं. चहाची पैज लावतो मालकांशी. माझ्या हातात मेण वितळवायचा गरम चमचा असला की मेल्याला नेमका विनोद सुचतो. मनगटावर हा डाग दिसतोय ना, तो त्याच्या एका विनोदाचा. विनोद भिकार होता, तरी मी हसले, कारण हसू काही विचारून येत नाही. पडल्या पडल्या मी ऐकत होते, पॉलिशवाला म्हणत होता, “चहा आणा मालक, साखर जास्त!” ताई मलम घेऊन धावत आली. तीसुद्धा हसत होती, थोडीशीच. मी एका डोळ्याने बघितलं.

मग मी शिकले. हसू येतंय असं वाटलं की जीभ चावायची. कुणी प्रेमाने बोलायला लागलं की भिंतीकडे बघायचं. बाळ दिसलं की रस्ता बदलायचा. असं करता करता एक दिवस हसू यायचं बंदच झालं, आणि त्याच्याबरोबर भूकही गेली, केस विंचरावेत असं वाटणंही गेलं. डॉक्टरीणबाई याला उदासी म्हणाल्या आणि आणखी एक गोळी वाढली. मी म्हटलं, बाई, उदासी कसली, उभं राहायचं असेल तर दुसरं करू काय मी?

संध्याकाळच्या चहाची पद्धत कशी पडली तेही ऐका. एकदा मालकांनी मला कामावरून काढलं. सगळ्यांसमोर, बोट दाखवून, “उद्यापासून येऊ नकोस.” मी घरी पडून राहिले, रडून रडून उशी भिजवली. ताई तेव्हा मावशीकडे गेली होती. ती परत आली तर मालकांचा फोन, “अहो, डुलकी कुठंय? कामं तुंबली आहेत.” कुणी काढलंच नव्हतं मला! मीच साच्यावर डोकं टेकून झोपले होते आणि झोपेत मालकांना ओरडायला लावलं होतं. लॅब महिनाभर त्यावर जगली. मालक येता-जाता म्हणायचे, “काय गं, आज काढलंय की ठेवलंय?”

त्या दिवसापासून ताईने ठरवलं. रोज संध्याकाळी चहाला समोरासमोर बसायचं. मी शंका सांगायची, तिने उत्तर द्यायचं. “वरच्या काकूंनी मला हाक मारली?” “झालं.” “दुधाचं पातेलं माझ्या हातून सांडलं?” “नाही झालं.” एवढंच. ती म्हणेल ते खरं. तुम्हाला कदाचित हे विचित्र वाटेल, पण सांगते, त्या चहाएवढी शांतता मला कशात मिळाली नाही. दिवसभर पायाखालची जमीन हलायची, आणि संध्याकाळी ताई दोन शब्दांत ती जागेवर आणून ठेवायची.

आता खिडकी. दवाखान्यांतून मापांचे डबे आणणारा आमचा स्कूटरवाला. समोरचा एक दात पडलेला, म्हणून खिडकी. हा माणूस मला कधी हसवायला गेला नाही. उलट मला हसू फुटायला लागलं की तो माझ्या टेबलाशी येऊन मख्ख आवाजात सुरू करायचा, “पुलाच्या अलीकडे पुन्हा खणलंय. केबलवाल्यांनी खणलं, ते बुजवलं, तर आता पाइपवाले आलेत. मग मी डावीकडून गेलो. तर तिकडे ट्रक आडवा.” ऐकता ऐकता माझी हनुवटी जागेवर यायची. असं रटाळ बोलणं मला दुसऱ्या कुणाकडून कधी मिळालं नाही. मी त्याची वाट बघायला लागले. ताईने ते ओळखलं होतं. तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

त्या शनिवारी लॅब अर्धा दिवस होती. मालक गेले, पॉलिशवाला गेला, ताई बाजारात जाऊन मला घ्यायला परत येणार होती. खिडकी शेवटचा डबा घेऊन आला. मी म्हटलं, “बस इथे. तोंड उघड. दातांच्या लॅबमध्ये येणाऱ्या माणसाने असं भगदाड घेऊन फिरायचं? लाज आणतोस आमची.” माप घेतलं, साचा काढला, झटपट घट्ट होणाऱ्या मसाल्याची लहानशी प्लेट केली, हवी तेव्हा काढता-घालता येईल अशी. तयार दातांतला एकही त्याच्या रंगाला जुळेना. त्याचे चहा पिऊन पिऊन पिवळे झालेले, आणि शेजारच्या दातावर खाली कोपऱ्यात तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका. मी एक दात घासला, त्यावर तपकिरी रेघ ओढली, तसाच ठिपका काढला. मागच्या बाजूला नखाएवढी आडवी खूण केली. ती मी माझ्या प्रत्येक कामावर करते, कुणाला दिसत नाही.

त्याने दात बसवला, आरशात बघितलं, आणि मख्ख आवाजात सुरू झाला, “आज क्लचची वायर तुटली. मेकॅनिक म्हणाला जेवून येतो. तो जेवून आला तर वायर नव्हती. मग दुसऱ्या दुकानात गेलो. तिथून येताना वाटलं, आपण दोघांनी लग्न करावं. पेट्रोलही भरायचं होतं. पंपावर ही रांग.”

मी पडू नये म्हणून त्याने ते वायर आणि पेट्रोलच्या मध्ये लपवून आणलं होतं! मला ते कळायला क्षण लागला. मग कळलं, आणि मी त्याच्याकडे बघितलं, आणि तो हसला, माझा दात घालून. बस. हनुवटी, मान, गुडघे. इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता, आणि मी टेबलाखाली. त्याने माझ्या डोक्याखाली त्याचं जाकीट सरकवलेलं कळलं. मला ‘हो’ म्हणायचं होतं. दोन मिनिटं थांब, म्हणते, असं मनात म्हणत होते. तेवढ्यात झोप लागली.

जाग आली तेव्हा ताई होती. डोक्याखाली जाकीट नव्हतं, ताईची बाजाराची पिशवी होती.

संध्याकाळी चहाला मी विचारलं. “आज खिडकी आला होता?” ताईने बशीत चहा ओतला. “नाही.” “मी त्याला दात करून दिला?” “नाही झालं.” “तो मला...” माझ्याने पुढे बोलवेना, तर ताईच म्हणाली, अगदी मायेने म्हणाली, “लग्नाचं विचारलं म्हणून? झोपेत बडबडत होतीस तू. नाही झालं गं. मी आले तेव्हा तू एकटीच पडली होतीस.”

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये गेले. फळीवर त्याचा साचा शोधला. नव्हता. मग खिडकी आला. डबा ठेवला, माझ्याकडे न बघता मालकांशी दोन शब्द बोलला. मी बघितलं. समोर भगदाड. दात नव्हता. माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं मी, जागेपणी.

मग मी काय समजायचं? तुम्ही काय समजला असता? इतकी लाज मला चार सुळ्यांच्या वेळीही वाटली नव्हती. बिचारा डबे आणतो, दोन शब्द चांगले बोलतो, आणि ही बया मनात त्याच्याशी लग्न लावून मोकळी! मी त्याच्याकडे बघणं सोडलं. तोही टेबलाशी येईनासा झाला. थोड्याच दिवसांत डबे दुसराच माणूस आणायला लागला. मला वाटलं, माझी नजर ओळखून पळाला.

त्यानंतरचे दिवस मी नीट सांगू शकत नाही, कारण मी ते नीट जगलेच नाही. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, “इतकं सविस्तर? रंगासकट?” रंगासकट, म्हटलं, ठिपक्यासकट. गोळ्या बदलल्या, वाढवल्या. एक अख्खा पावसाळा मी खोलीच्या कोपऱ्याकडे तोंड करून काढला. एकदा सगळ्या गोळ्या एकदम तळहातावर घेतल्या होत्या. ताईने हातावर फटका मारून त्या उडवल्या, आणि मला कवटाळून रडली. “मला सोडून जायचं नाही,” म्हणाली. “मला कोण आहे?” खरंच होतं ते. तिचं लग्न ठरत आलं होतं एकदा, तेव्हा जेवताना मुलाच्या आईने काहीतरी गंमत केली, मी हसले, आणि टेबलाखाली गेले. ते लोक हात धुऊन गेले ते गेलेच. घराण्यातच आहे म्हणाले. ताईने मला त्याबद्दल कधी एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं.

वर्षं गेली. मी काम करत होते, चहाला विचारत होते, ताई सांगत होती. परवा दुपारी मालक मागे आले. “डुलके, आपला जुना खिडकी आलाय. त्याची प्लेट तुटली. बाहेर थांबलाय, हातासरशी करून दे.”

“खिडकीची प्लेट?” मी म्हटलं. “त्याला कुठला दात?”

“घेतला असेल कुठून करून. मला काय विचारतेस, तोंड माझं आहे का?” मालकांनी ती माझ्यासमोर टाकली आणि गेले.

प्लेट दोन तुकड्यांत होती, दाताला वरून चीर गेलेली. चहाच्या रंगाचा दात. तपकिरी रेघ. खाली कोपऱ्यात तांदळाची कणी. मी तो उलटा केला. मागे नखाएवढी आडवी खूण.

मी टेबलाची कड धरली. पडायचं नाही, स्वतःला बजावलं, आज पडलीस तर बघ. पुलाच्या अलीकडे खणलंय. केबलवाल्यांनी खणलं. ते बुजवलं. मी नवा दात काढला, घासला, रेघ, ठिपका, खूण. पाइपवाले आले. प्लेट जोडली. ट्रक आडवा. जुना दात एप्रनच्या खिशात टाकला. मी वेडी नव्हते. डावीकडून गेलो. मी वेडी नव्हते! त्या पावसाळ्यात भिंतीकडे तोंड करून मी ज्याच्यासाठी स्वतःला शिव्या घातल्या ते सगळं घडलं होतं, आणि त्याला माझं उत्तर मिळालं नव्हतं. तेवढंच द्यायचं होतं मला. लग्न-बिग्न राहू द्या, जगातल्या एका माणसाला कळायला हवं होतं की मी नाही म्हटलं नव्हतं.

ताई तेव्हा मालकांचं औषध आणायला समोरच्या दुकानात गेली होती. मी प्लेट घेऊन पुढे गेले, मनातल्या मनात खड्डे मोजत. तो काउंटरशी उभा होता. कानाजवळ केस पिकलेले, खांद्याला एक लहान मुलीचं गुलाबी दप्तर. मला बघून तो दोन पावलं मागे सरकला. मी चावरी असल्यासारखा. मग हळूच म्हणाला, “बरी आहेस ना, डुलके?” आणि ते भगदाड दिसलं.

“मी,” मी म्हटलं. “मी त्या...”

हनुवटी गेली.

पडले ती काउंटरच्या आतल्या बाजूला, गाल फरशीवर. प्लेट टणकन कुठेतरी उडाली. दरवाजा वाजला, आणि ताईच्या चपला दिसल्या.

“तू काय केलंस तिला?” ताई म्हणाली.

“काहीच नाही. शप्पथ. नुसतं बरी आहेस का विचारलं.”

“तू दिसलास तरी पुरे होतं. तेव्हाच सांगितलं होतं ना, ती तुला घाबरते?”

“हो, पण आता इतकी वर्षं झाली...” त्याचा आवाज अगदी खाली गेला. “तुम्ही म्हणालात, तो दात बघून तिला ती दुपार आठवते, त्रास होतो. म्हणून मी दात खिशात ठेवून यायचो. मग इथे डबे आणणंही सोडलं. अजून काय करायला हवं होतं मी?”

मी सगळी ताकद जिभेत आणली. सांगते ना, सगळी. माझ्या ओठांच्या कडेने लाळ तेवढी आली.

“ताई, एक विचारू?” तो म्हणाला. “तिने खरंच तुम्हाला सांगायला सांगितलं होतं? नको म्हणून?”

मागे पॉलिशचं मशीन घरघरत होतं.

“समोर पडली आहे, दिसत नाही?” ताई म्हणाली. “तुला बघितलं की ही अशी होते. नको म्हणजे आणखी कसं सांगायचं असतं?”

त्याने वाकून प्लेट उचलली. त्याचे बूट माझ्या डोळ्यासमोर आले, थांबले. “तिला सॉरी सांगा,” म्हणाला, आणि बूट गेले. त्या मेल्या झोपेलाही तेवढीच वेळ सापडली.

संध्याकाळी ताईने चहा ठेवला. आलं किसून घातलं. समोर बसली, बिस्किटं पुढे केली. “काही विचारायचंय आज?”

माझी डावी मूठ मांडीवर होती. मुठीत दात.

“खिडकी आला होता?”

“आला होता. प्लेट घेऊन गेला.” मालकांनी बघितलं होतं, त्यामुळे ते खोटं सांगून चालणार नव्हतं.

“तू त्याच्याशी बोललीस? मी त्याला घाबरते म्हणून?”

“असं काही नाही झालं. तू पडलीस आणि झोपलीस. झोपेत ऐकलं असशील.”

“आणि तो शनिवार? तो दात?”

“पुन्हा तेच?” ताईने माझ्या गालावर हात ठेवला. तोच उबदार हात. “नाही झालं, म्हणून किती वर्षं सांगू मी तुला? अगं, कुठून आणतेस हे? खा बघू बिस्किट.”

आणि मला हसू आलं. इतक्या वर्षांचं साठलेलं, पोटातून वर येणारं. दात माझ्या मुठीत, आणि ही म्हणते बिस्किट खा! मी जीभ चावली नाही. भिंतीकडे बघितलं नाही. मोठ्याने, खदाखदा हसले, आणि खुर्चीवरून घसरले. कप माझ्या अंगावर आला. चहा मानेवर पोळला, मला तो कळत होता.

“अगं बाई, भाजलं!” ताई धावली, ओला टॉवेल आणला, माझी मान पुसली. आणि मग थांबली. माझी मूठ सुटली होती. दात फरशीवर घरंगळत तिच्या पायाशी जाऊन थांबला होता.

तिने तो उचलला. दिव्याखाली धरला, उलटा केला. नंतर माझ्याकडे बघितलं. पडल्यावर मी जागी असते हे तिच्याइतकं जगात कुणाला माहीत नाही. माझे डोळे उघडे होते, आणि ती सरळ त्यांत बघत होती.

ती उठली, मोरीत गेली. जाळी उचलल्याचा आवाज आला. मग बादलीभर पाणी ओतल्याचा. जाळी पुन्हा बसवून ती परत आली, माझ्याजवळ मांडी घालून बसली, माझं डोकं मांडीवर घेतलं, आणि केसांतून हात फिरवायला लागली.

“नाही झालं, बाळा,” ती म्हणाली. “काही काही नाही झालं.”

ती रडत होती. तिचे थेंब माझ्या कपाळावर पडत होते, आणि मला ते पुसता येत नव्हते.

आज ना उद्या मी चहाला पुन्हा विचारणार आहे. ती नाही म्हणणार आहे. काही दिवसांनी मला तिचंच खरं वाटायला लागेल, माझं डोकं तसंच आहे, त्याला इलाज नाही. म्हणून तुम्हाला सांगून ठेवते. चहाच्या रंगाचा होता, तपकिरी रेघेचा, खाली कोपऱ्यात ठिपका, मागे खूण. मी कधी विचारायला आले तर एवढंच सांगा. होता म्हणा.